घारीची डोलकाठी

न्हावा,
६ ऑक्टोबर १९५८

बाईंना चंदाचा वाकून नमस्कार.

ओळखलंत का? करंज्याची चंदा. उरणच्या शाळेत तुमच्या हाताखाली होते. शनिवारी तुम्ही आम्हा पोरींना खाडीवर पाखरं दाखवायला न्यायचात, तेव्हा सगळ्यांत जास्त बडबड करून पाखरं उडवून लावणारी ती मी. लग्न होऊन न्हाव्याला आले. तुमचा गिरगावचा पत्ता हेडमास्तरांकडून मागून घेतला. इतक्या वर्षांनी पत्र, तेही कामापुरतं, म्हणून रागवाल. रागवा, पण उत्तर द्या.

आमच्या वाडीच्या टोकाला, अगदी दर्याच्या तोंडावर, एक जुना आंबा होता. त्यावर पांढऱ्या घारींची जोडी घरटं करायची. पोट पांढरंशुभ्र, पंख राखाडी, पंजात समुद्रातला साप धरून यायच्या. तुम्ही पुस्तकातलं नाव सांगितलं होतंत, समुद्रगरुड. भादव्याच्या उधाणाला बांधाला खांड पडली आणि खारं पाणी भातात घुसलं. सगळी वाडी धावली, पण घातलेला दगड राहीना. शेवटी आंबाच तोडून खांडीत आडवा टाकला. शेतं वाचली, कुणाला बोल लावायचा? घरटं झाडाबरोबर खाली आलं. रिकामं होतं तेवढं बरं. आता जोडी परत आलीय आणि आंब्याच्या बुंध्याजवळच्या खडकावर नुसती बसून असते.

माझे सासरे चांगदेव नाखवा यांनी मनावर घेतलंय, की घारींना घर बांधून द्यायचं. झाड होतं तिथंच आमच्या मचव्याची डोलकाठी रोवलीय आणि म्हणतात, वर घरटं करू. आमचे हे लहानपणापासून त्या जोडीला मासळी टाकायचे. हे दर्यावर आहेत. मामंजी म्हणतात, "गनू आला आनि त्यानं इचारलं घारी कुठं गेल्या, तर मी काय तोंड दाखवू?" यापायी म्हातारा धड जेवत नाही. ताट पुढं ठेवलं तरी नजर टोकाकडे. घारी बसल्या नाहीत तर हा माणूस अंथरूण धरेल, अशी मला भीती वाटते. काठीवर घारीला घर कसं बांधतात ते लिहा.

तुमची
चंदा


गिरगाव, मुंबई,
१४ ऑक्टोबर १९५८

चि. सौ. चंदास आशीर्वाद.

न ओळखायला काय झालं? तुझी बडबड अजून कानात आहे. अक्षर मात्र सुधारलेलं दिसतं.

आता काम. टोपली बांधायच्या विचारात असाल तर तो आधी सोडा. टोपलीत कोंबडी बसते. या पक्ष्याचं घरटं बाजेएवढं असतं आणि दरवर्षी तो त्यात भर घालतो. तेव्हा चांगली रुंद माच करा, जाड लाकडाची चौकट आणि वर बांबू. बांबूंमध्ये फटी ठेवा, म्हणजे पाणी निथळून जाईल. काथ्याने आवळा, तार वापरू नका, तारेत पाय अडकतात. काठीला चारी बाजूंनी दोरांचे ताण द्या, नाहीतर वारा एक दिवस सगळं घरदार उचलून नेईल. माचेवर थोड्या जाड काटक्या तुम्हीच रचून ठेवा. दुसऱ्याने संसार मांडून दिला की नवं जोडपं लवकर रमतं, हे माणसांनाही लागू आहे.

आणि एक ऐक. काठीखाली जत्रा भरवू नका. कोळीवाडा म्हणजे कसा, मला ठाऊक आहे. सासऱ्यांना सांग, लांब बसा आणि गप्प बसा.

तुझे हे परत आले की त्यांनाच वर चढव, तेवढीच हौस फिटेल त्यांची. किती दिवसांच्या फेरीला जातात? मूलबाळ? सगळं एका ओळीत उरकू नये.

तुझ्या
विमलबाई


न्हावा,
२० नोव्हेंबर १९५८

बाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. त्यांना अक्षर येत नाही, पण ऐकताना कागदाकडे असे बघत होते जणू तुम्ही त्यातच बसला आहात. कोंबडीचं वाक्य ऐकून हसले. बाई, ते हसले, हे तुम्हाला मुद्दाम सांगते. मग पुन्हा वाच म्हणाले, आणि पुन्हा. आता वाडीत काही झालं की "बाईला इचार" हे ठरलेलं. परवा शेजारच्या पुतळामावशीची बकरी आजारी पडली, तर म्हणाले, बाईला लिव.

माच तुम्ही सांगितली तशीच झाली. गावातल्या सुताराने चौकट दिली, बांबू खाडीपलीकडून आणले, काथ्या घरचाच. वर चढवताना सगळी वाडी दोर ओढायला आली होती. मामंजी खाली उभं राहून एकेकाला शिव्या घालत होते. किती दिवसांनी त्यांचा असा आवाज ऐकला.

पण घारी बसत नाहीत. त्यांची मादी थोराड आहे. चोचीत काटकी घेऊन येते, माचेभोवती फिरते, पाय खाली सोडते, आता बसली म्हणेपर्यंत दचकून वर जाते. काटकी खाली पडते. थोड्या वेळाने दुसरी आणते. दिवसभर हेच चाललंय. मामंजी लांब बसून तिची समजूत घालतात, "ये गो बाय, तुजंच हाय ते." काठी ठीक आहे, माच ठीक आहे, खाली कुणी जात नाही. वर टोकाला नेहमीचा लाल बावटा आहे तेवढाच. काय चुकतंय?

चंदा


गिरगाव,
२७ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. चंदास,

काय चुकतंय विचारतेस? हात जोडले तुम्हा लोकांपुढे! डोक्यावर लाल फडकं फडफडतंय आणि पक्ष्याने त्याखाली अंडी घालावीत? शेतात बुजगावणं उभं करतात ते कशासाठी? ते आधी काढा. आजच्या आज. त्या मादीला काटकी आणायची घाई झालीय म्हणजे तिचे दिवस जवळ आलेत. महिना वाया गेला तर हा हंगाम गेला समज.

मचव्यावर बावटा लावा, घरावर लावा, हवा तर मला लावा. घारीच्या घरावर नको. हे फार अवघड काम नाही, तुझ्या नवऱ्याला सांग, एक दोरी सोडायची आहे.

विमलबाई


न्हावा,
२९ डिसेंबर १९५८

बाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र मामंजींना वाचून दाखवलं, पण त्यातलं बावट्याचं वाचलं नाही. "धीर धरा, येतील, असं बाई म्हणतात," एवढंच सांगितलं. मास्तरणीच्या पत्रात खोटं घातलं, बोलायचं तर बोला. पण आधी सगळं ऐका.

हे दर्यावर आहेत असं मी लिहिलं होतं. आमच्या घरात तसंच बोलतात. गेल्या वर्षी नारळी पुनवेनंतर मचवा पहिल्यांदा पाण्यात घातला. त्यावर हे आणि पुतळामावशीचा मुलगा कान्हा, दोघंच. दुपारी वारा फिरला. मचवा पुढं मांडव्याच्या बाजूला मिळाला, काठी जशीच्या तशी, बावटा जसाच्या तसा, जाळं आत. माणसं नाहीत. कान्हाचा देह नंतर किनाऱ्याला लागला. हे लागले नाहीत.

आमच्या वाडीत नाखवा गेला की दहाव्याला घरच्या वडीलधाऱ्याने त्याच्या काठीवरचा बावटा उतरवायचा. तो उतरेपर्यंत माणूस दर्यावर आहे असं धरतात. मग बाईच्या बांगड्या, कुंकू, सगळं. मामंजींनी दहाव्याला माणसं परत पाठवली. "माजा पोर दाखवा, मग उतरवतो." मचवा मोडला तरी काठी मोडू दिली नाही. ती काठी आता टोकावर आहे आणि तो बावटा अजून वर आहे. फाटला की नवा चढवतात.

म्हणून मी कुंकू लावते. बांगड्या भरते. पुतळामावशी स्वतःच्या मुलाचं सगळं करून बसलीय, तिच्यापुढून मी कपाळ भरून पाण्याला जाते तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं होतं. ती बोलत नाही काही. बाकीच्या बोलतात. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही हे कुणाला कळत नाही, मग बोलवतच नाहीत. मी कोण आहे, बाई? सवाशीण असेन तर नवरा कुठाय? नसेन तर हे कपाळावर काय आहे?

मला म्हाताऱ्याचा राग येतो. खूप येतो. आणि तोच माणूस मी जेवल्याशिवाय जेवत नाही. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू, की बावटा उतरवा, घारीला भीती वाटते?

मादी अजून काटक्या आणते. माचेखाली ढीग झालाय. दुसरा काही उपाय असेल तर लिहा.

चंदा


गिरगाव,
३ जानेवारी १९५९

चि. चंदास,

पाकिटावर सौ. लिहायचं की नाही यात माझी अर्धी सकाळ गेली. शेवटी लिहिलं. पोस्टमन वाडीतलाच असेल, त्याने काही बोलायला नको.

मचव्याची काठी जमिनीत रोवली असं तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. काठी जमिनीत असताना नवरा कोणत्या मचव्यावर आहे, हे विचारायची अक्कल मला झाली नाही. मी तुला विनोद लिहून पाठवत बसले. मला माफ कर.

तुम्ही पोरी माझ्या रिकाम्या कपाळाकडे चोरून बघायचात, ते मला समजायचं. माझ्या एकोणिसाव्या वर्षी टायफॉइडने गेले ते. पण माझ्या डोळ्यांसमोर गेले. शेवटचं पाणी मी पाजलं. ते दुःख मोठं होतं, पण त्याला कड होती. तुझ्या दुःखाला कडच ठेवली नाही कुणी. त्याबद्दल मी तुला काही शिकवू शकत नाही.

घारीपुरतं एक सुचतं. सासऱ्यांना म्हण, बावट्याची काठी आहे तशी राहू द्या, जरा अंतरावर दुसरी काठी रोवू, माच तिकडे हलवू. त्याला ते नाही म्हणणार नाहीत. बावट्याचा विषय काढू नकोस. माझं ते पत्र फाडून टाक.

विमलबाई


न्हावा,
२२ जानेवारी १९५९

बाईंना नमस्कार.

दुसऱ्या काठीचं विचारलं. "दुसरी काठी गनूची नाय," म्हणाले. संपलं.

मग म्हणाले, "सूनबाई, आदीचं पत्र काड." मी म्हटलं कशाला? म्हणाले, "मना वाचता येत नाय, पन मानूस बघता येतं. त्या दिवशी तू मदीच थांबलीस. बाईनं काय लिवलंय ते समदं वाच." मी ते फाडलं नव्हतं. काढलं आणि वाचलं. फडकं, बुजगावणं, दोरी सोडायची आहे, सगळं. मध्ये थांबू देईनात. ऐकून उठले आणि टोकाकडे गेले. दिवसभर आले नाहीत. मी भाकरी घेऊन गेले, तर मादी नुकतीच काटकी टाकून गेली होती आणि ते ती काटकी हातात घेऊन बसले होते.

म्हणाले, "बाईचं बराबर हाय. मना कवाच कळलं व्हतं." मी म्हटलं, मग? तर बाई, काय बोलले ऐका. "मी उतरवला तर तुजं कपाल जातं. माजा पोर गेला त्ये मना म्हाईत हाय. रोज म्हाईत हाय. पन तुला उगडी कशी करू माज्या हातानं? तू तरनी पोर. म्हनून धरून बसलो. तू सांग. तू सांगशील तसं."

एवढे दिवस मी समजत होते की म्हातारा स्वतःच्या आशेपायी मला टांगून ठेवतोय. तो माझ्यापायी टांगला होता. मी तिथंच मोठ्याने रडले. तेही रडले. माणसं लांबून बघत होती, बघू देत.

मी म्हटलं, उतरवा.

त्यांनीच दोरी सोडली. कप्पी गंजली होती, बावटा अर्ध्यात अडकला. ओढून ओढून खाली आणला आणि घडी घालून माझ्या हातात दिला. घरी आलो तर पुतळामावशी दारात उभी. तिला कुणी बोलवलं नव्हतं. आमच्यात लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, नवऱ्याला सांभाळ म्हणून. उजवा हात तेव्हापासून रिकामाच होता. डावा तिने रिकामा केला. कुणाला बांगड्या फोडू दिल्या नाहीत, काच लागू दिली नाही. कपाळ पुसताना म्हणाली, "रड बाय आता. आता तुला रडायची मोकळीक हाय."

बावटा उतरल्यावर दुसऱ्याच सकाळी घार माचेवर बसली. आज तिथे काटक्यांचा मोठा पसारा आहे.

चंदा


गिरगाव,
२९ जानेवारी १९५९

चंदा, बाळ,

तुझं पत्र वाचून मी देवापाशी बसून राहिले. काय मागावं ते सुचेना, नुसती बसले.

आता पुढचं. तू सातवी पास झालेली आहेस. माझ्या ओळखीच्या एका शाळेत शिक्षिका तयार करण्याचा वर्ग जूनमध्ये सुरू होतो. मी बोलून ठेवलंय. माझ्याकडे एक खोली जास्तीची आहे, जेवायला दोन हातांची सोबत मलाही हवी. सासऱ्यांची काळजी वाटत असेल तर त्यांनाच विचार. जो माणूस तुझ्यासाठी एवढा काळ दोरी धरून बसला, तो तुला अडवणार नाही.

पिल्लू उडालं की ये. तोवर ये म्हणणार नाही. मी वाट पाहते.

विमलबाई


न्हावा,
२ एप्रिल १९५९

बाईंना नमस्कार.

पिल्लू झालं. एकच आहे. आधी कापसासारखं पांढरं दिसलं, आता तपकिरी पिसं फुटू लागलीत. मामंजींना चष्मा नाही तरी सगळं त्यांनाच आधी दिसतं. कावळे आले की गोफण घेऊन धावतात. पुन्हा खाडीत जाळं लावायला जाऊ लागले, दोन वेळा जेवतात. वाडीत सगळ्यांना सांगत फिरतात की घारीची काठी मुंबईच्या बाईनं बांधली.

तुमच्या वर्गाचं त्यांना विचारलं. लगेच म्हणाले, "जा. मास्तरीन हो. मी हाय घारीपाशी." मी येते. पिल्लू मेअखेर उडेल असं वाटतं. त्यानंतरच्या सोमवारच्या लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरेन. धक्क्यावर आलात तर बरं, मुंबईत मी एकटी हरवेन.

चंदा


गिरगाव,
२ जून १९५९

चि. चंदास,

काल सोमवार. सकाळच्या लाँचला आले होते, तीत तू नव्हतीस. मग वाटलं दुपारची असेल. ती आली, तीतही नव्हतीस. ऊन फार होतं, एका हमालाने बसायला पेटी दिली. शेवटची लाँच रिकामी होईपर्यंत थांबले. आजारी नाहीस ना? सासरे बरे आहेत ना? वर्गाला अजून वेळ आहे. एक ओळ लिही.

विमलबाई


न्हावा,
८ जून १९५९

बाईंना नमस्कार.

आम्ही दोघंही बरी आहोत. पिल्लू उडालं. आधी माचेच्या काठावर पंख आपटत बसायचं, एक दिवस गेलं आणि सरळ खाडीपार गेलं. मामंजींनी वाडीला साखर वाटली.

सोमवारी मी बंदरावर आले होते. ट्रंक घेऊन. मामंजींनी डोक्यावरून आणून दिली आणि लाँचवाल्याला बजावलं, हिला बाईच्या हातात द्या. लाँच लागली, माणसं उतरली. मी उतरणारा एकेक माणूस बघत राहिले. चढायची माणसं चढली. लाँचवाल्याने दोनदा हाक मारली. मी अजून बघतच होते. लाँच गेली. मामंजी ट्रंक उचलून पुढं चालू लागले.

बाई, बावटा होता तोवर वाट बघायचं काम त्यांच्याकडे होतं. मी पाणी भरायचे, मासळी सुकवायचे आणि म्हातारा वेडा झालाय म्हणून मनात चिडायचे. मला वाटायचं मी कधीच समजून चुकलेय. बावटा उतरला आणि ते मोकळे झाले. त्यांना झोप लागते. आणि माझी गेली. आता सकाळी उठल्यावर आधी टोकावर जाते. उरणहून माणूस आला तर चेहरा बघते. पाठमोरा कुणी तसा चालला की मागे जाते. ते गेले हे मला माहीत आहे. मीच "उतरवा" म्हटलं. तरी पाय तिकडेच जातात. पुतळामावशी म्हणते, तिला तिचा मुलगा दिसला तरी, पांढऱ्याफटक तोंडाचा का असेना. मला काहीच दिसलं नाही.

मी मुंबईला आले आणि इकडे कुणी आलं, तर? हसू नका. मलाही हे वेड कळतं. पण मी न्हावा सोडू शकत नाही, पुढच्या महिन्यातही नाही आणि पुढच्या वर्षीही सोडेन असं वाटत नाही.

तुम्ही दिवसभर उन्हात पेटीवर बसून प्रत्येक लाँच बघितलीत, ते वाचून मला भडभडून आलं. मला माहीत आहे ते कसं असतं. तुम्हाला तसं बसवायचा मला हक्क नाही. म्हणून आज सरळ लिहिते. वर्गातली जागा दुसऱ्या मुलीला द्या. मी येणार नाही. माझी वाट बघू नका.

चंदा